खांबाशी बोलणारा इसम

सावरटोला,
धानाची कापणी आटोपल्यावरचा मंगळवार

ती. सौ. आशाबाई,

धाकट्या मयुरीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता पायऱ्या चढू देतो का? डॉक्टरने मांडी घालून बसू नको म्हटलं आहे, तरी तू मांडी घालूनच हे पत्र वाचत असशील, म्हणून आधी खुर्चीवर बस आणि मग पुढे वाच. भाऊजींचं बी.पी. बरं असेल अशी आशा करते. सोयाबीन घरात आलं का? वरोऱ्याची थंडी कशी आहे? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. (मजेत या शब्दाखाली जी रेघ दिसते ती चुकून ओढली गेली आहे.)

तू म्हणशील, हिला फोन करायला काय झालं, पत्र कसलं लिहिते. तर इथे फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर लागते. टाकीच्या अर्ध्या शिडीवर उभं राहून बोलावं लागतं आणि टाकीखाली गावातली रिकामी मंडळी उन्हाला बसलेली असतात. माझ्या सासरच्या गावाची माणसं स्वभावाने फार चांगली आहेत, पण कान त्यांचे दुसऱ्याच्या घरात असतात. आणि मला जे सांगायचं आहे ते टाकीवरून सांगण्यासारखं नाही.

तुला माहीतच आहे की लग्नानंतरची सात वर्षं मी राजुऱ्याकडे नोकरीत होते आणि आमचे हे इथे धानात. सुट्टीपुरता संसार. या जूनमध्ये अखेर माझी बदली यांच्याच गावच्या शाळेत झाली, तेव्हा तू पेढे वाटलेस. मीही वाटले. आता दोघं एका छपराखाली आलो, बोलू, भांडू, काहीतरी होईल, असं मला वाटलं होतं. पण हे बोलत नाहीत गं. तेव्हा फोनवर 'इकडं पानी आला' म्हणायचे, आता समोर बसून 'इकडं पानी आला' म्हणतात. मी 'पानी नाही हो, पाणी, आणि आला नाही, आलं' असं सांगितलं की मान हलवतात आणि गोठ्यात निघून जातात. (चूक दिसली की सुधारायची नाही तर मी शिक्षिका कशाला झाले?)

असो. दसऱ्यानंतर तालुक्याला आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. विषय, मुलांना संशयास्पद वागणं ओळखायला आणि त्याची खबर द्यायला शिकवणं. बाकीचे शिक्षक जेवणाच्या सुट्टीनंतर पेंगले, मी मात्र सगळं मन लावून ऐकलं, कारण विषय खरोखर मोलाचा आहे. गावात कोण येतं, कोण जातं, पोरं दिवसभर रानात, खळ्यात, तळ्यावर एकटी. शाळेत परतल्यावर मी चौथीच्या वर्गाला असं काही शिकवलं की काय सांगू. फळ्यावर चित्रं काढली, स्वतः तोंडाला पदर बांधून दाराआडून डोकावून दाखवलं, 'कोणाला सांगू नको हं' असं गोड आवाजात म्हणून चॉकलेट पुढे केलं. पोरांनी ते चॉकलेट खाल्लं आणि मग ओरडली. क्रम चुकला, पण ओरडली. त्या प्रशिक्षणातला 'संशयित इसम' हा शब्द पोरांना इतका आवडला की मधल्या सुट्टीत शिवाशिवीसुद्धा 'इसम-इसम' या नावाने सुरू झाली.

पहिल्या आठवड्यात मात्र नुसता गोंधळ. ज्याचं तोंड ओळखीचं नाही तो इसम! बोकड विकत घ्यायला आलेला माणूस इसम, गॅस सिलेंडरवाला इसम. वडशाहून बांगड्या घेऊन येणारे इनायतभाई तर यांच्या लहानपणापासून गावात येतात, पण पोरांनी त्यांची पेटी बघून शाळेची घंटा वाजवली. बिचारे खाली बसून हसत होते, पण मला लाज वाटली. मग मी पोरांना बसवून नीट समजावलं. म्हटलं, माणूस बघायचा नाही, वागणं बघायचं. अनोळखी असला, गरीब असला, दुसऱ्या धर्माचा असला, दुसरी भाषा बोलत असला म्हणून कोणी वाईट होत नाही, आणि ओळखीचा आहे म्हणून कोणी सुटत नाही. लपून बघतो का? तुम्हाला पाहून दचकतो का? कारण नसताना खाऊ देतो का? 'आपल्या दोघांतच ठेव' म्हणतो का? तर तो काका असो, मामा असो, खुद्द तुमच्या मॅडम असोत, लांब व्हायचं आणि विश्वासाच्या मोठ्या माणसाला जाऊन सांगायचं. ('खुद्द मॅडम' हे मी आपलं बोलण्याच्या ओघात म्हटलं होतं.)

मग मी प्रत्येकाला आपला विश्वासाचा माणूस कोण ते विचारलं. आई-बाप सोडून गावातला एक. मला वाटलं, वर्ग आपला आहे, घसा आपण कोरडा केला आहे, निदान अर्धी पोरं तरी 'मयुरी मॅडम' म्हणतील. एकामागून एक पोर उठलं आणि म्हणालं, 'लटारूकाका'. आमचे हे! माझं नाव एकट्या पियुषने घेतलं, तेही शेजारणीने चिमटा काढला म्हणून. का, तर लटारूकाका ट्रॅक्टरवर बसवतात, लटारूकाका पतंगाचा मांजा सोडवून देतात, लटारूकाका रागवत नाहीत. मी हसून म्हटलं, छान. आशाबाई, इथूनच माझ्या जळण्याला सुरुवात झाली असं समज. पुढे जे झालं त्याच्यापुढे ही नुसती काडी ओढण्यासारखी गोष्ट होती.

एका सकाळी हजेरी चालू असताना दिव्यानी उभी राहिली. ही मुलगी दोन वेण्या, एक दात पडलेला, आणि वर्गात सगळ्यांत हुशार. म्हणाली, "मॅडम, मले एका इसमाची खबर द्याची हाये." मी अभिमानाने म्हटलं, दे. ती फळ्याकडे तोंड करून घडाघडा सांगायला लागली. राइस मिलच्या रिकाम्या गोदामात एक इसम रोज दुपारी एकटाच जातो. आधी इकडेतिकडे बघतो. मग सागाच्या खांबाला मिठी मारतो. मग खांबाचा गाल कुरवाळतो. (खांबाला गाल कुठे असतो असं मी विचारलं तेव्हा तिने स्वतःच्या उंचीच्या बरंच वर हात दाखवला.) मग तो खांबाला 'चंद्रकले, चंद्रकले' म्हणतो आणि कधी कधी रडतो. ती खिडकीत दिसली तेव्हा तो दचकला, शीळ घालायला लागला, तिला बिस्किटाचा पुडा दिला आणि म्हणाला, कोणाले सांगू नोको.

एकही खूण सुटली नव्हती. मी शिकवलेलं सगळं त्या एका इसमात उतरलं होतं. मी भारावून गेले, टाळ्या वाजवायला लावल्या आणि विचारलं, शाब्बास, आता न घाबरता सांग, तो इसम कोण?

दिव्यानीने एकदा माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमीच म्हनल्या होत्या, वळखीचा हाये म्हनून सोडाचं नाई. थे लटारूकाका होत."

बाहेर पोषण आहाराच्या कुकरची शिट्टी झाली. मला 'शाब्बास' परत म्हणावं लागलं आणि मी ते म्हटलंही, कारण पोरीचं काहीच चुकलं नव्हतं. पण हजेरीत त्या दिवशी मी अर्ध्या वर्गाला गैरहजर मांडलं.

आता तू म्हणशील, विचारायचं सरळ घरी जाऊन. विचारणार होते. पण संध्याकाळी हे टाकीच्या शिडीवर उभे होते आणि मी खाली हंडा घेऊन उभी होते, तेव्हा वरून यांचा आवाज आला, "लेडीज पक्की झाली. वडशाची हाये, मलिका नाव हाये. पन आमच्या घरी मालूम नोको पडू देऊ." माझा हंडा हातातून सुटला नाही एवढीच देवाची कृपा. खांबाची चंद्रकला वेगळी, वडशाची मलिका वेगळी! ज्या माणसाला एका बायकोशी बोलायला शब्द सापडत नाहीत त्याने दोन दोन सांभाळाव्यात? चंद्रकला नावाची गावात एकच बाई आहे, पाटलांच्या आत्याबाई, ऐकू न येणाऱ्या आणि कमरेत वाकलेल्या. तरीसुद्धा मी दळणाच्या निमित्ताने जाऊन त्यांच्याकडे नीट पाहून आले. काही सांगता येत नाही.

आणि पुरावे म्हणशील तर घरात ढिगाने. हे मिशीला तेल लावायला लागले होते. ज्येष्ठमध चघळत होते. मी मुद्दाम वांग्याच्या भाजीत मीठ टाकलं नाही, तर यांनी ती मुकाट्याने खाल्ली आणि वर छान झाली म्हणाले. (छान! सात वर्षांत पहिल्यांदा!) पण या सगळ्यावर कडी झाली ती सोमवारी. जेवताना ठसका लागला आणि हे मला म्हणाले, "पाणी दे." पाणी. स्वच्छ ण. टाळूला जीभ लावून म्हटलेला, पुस्तकातल्यासारखा ण. मी सात वर्षं फोनवरून आणि सहा महिने तोंडावर सांगून जो आणू शकले नाही, तो ण कोणीतरी आणला होता. त्या घटकेला माझ्या जिवाची लाही लाही झाली. आशाबाई, दुसरी बाई असल्याशिवाय पुरुषाचा ण सुधारत नाही, हे तुझ्या धाकट्या बहिणीचं स्पष्ट मत आहे.

मग काय, आलेल्या रविवारी दुपारी मी निघाले. राइस मिलच्या मागे आमच्या आणि इसरूभाऊंच्या धानाचे पुंजणे, म्हणजे भाऱ्यांच्या गंजी, रचलेले आहेत, माणूस सहज लपेल असे. (इसरूभाऊ म्हणजे गावचे पोलीस पाटील, आवाज दणकट, मन लोण्याचं.) ओळखू येऊ नये म्हणून मी स्कूटीवर बायका बांधतात तसा डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधला, वर यांचाच जुना रेनकोट चढवला. कडक ऊन होतं, पण रेनकोटाला खिसे होते आणि एका खिशात मी चॉकलेटं ठेवली होती, कोणी पोर दिसलंच तर तोंड बंद करायला. हे लिहिताना मला दिसतं आहे की मी काय केलं होतं. तेव्हा दिसत नव्हतं. तेव्हा मला फक्त चंद्रकला बघायची होती.

पुंजण्याच्या आडून गोदामाची खिडकी दिसत होती. आत सात-आठ माणसं होती, पण माझं लक्ष यांच्याकडेच. हे त्या सागाच्या खांबासमोर गुडघ्यावर बसले होते. अगं, जो माणूस पंगतीत भात हवा म्हणायला लाजतो तो हात पसरून बोलत होता. "चंद्रकले, तू हाक मार, मी वैनगंगेच्या पुरातून चालत येईन." मग आवाज खाली आला. "तू नसलीस की हे घर मला ओळखत नाही. मी दार उघडतो आणि दारच मला विचारतं, कोण पाहिजे?"

आशाबाई, हे वाचून तू हसू नकोस. मी तिथे उभी होते, कुसळं टोचत होती, रेनकोटात घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि मला हेवा वाटला. त्या बाईचा नव्हे, बाई तर तिथे कोणी नव्हतीच. मला त्या खांबाचा हेवा वाटला. सात वर्षं मी परगावी होते. हे घर कोणासाठी रिकामं होतं? माझ्यासाठी ना? मग हे वाक्य माझं होतं, आणि ते एका लाकडाला मिळत होतं, तेसुद्धा डोळ्यांत पाणी आणून!

मी इतकी गुंगले की मागे काय चाललं आहे ते कळलंच नाही. मागे माझा चौथीचा वर्ग उभा होता. बोरं वेचायला आलेली पोरं. पण काय शिस्त! जवळ कोणी आलं नाही. एक पोर माझ्या चपला बघत होतं, एक रेनकोटाचा रंग मोठ्याने घोकत होतं. मी दचकले (खूण), शू केलं (खूण), आणि घाईघाईने खिशातून चॉकलेट काढून पुढे धरलं. दिव्यानीने हात मागे बांधले. या वेळी क्रम चुकला नाही. "पळा रे!" म्हणाली, आणि सगळी पोरं विश्वासाच्या मोठ्या माणसाकडे पळाली. तो माणूस कोण हे तुला मी वर सांगितलंच आहे. तो त्या वेळी गोदामात गुडघ्यावर बसला होता.

पुढच्या क्षणी गोदामातून सगळे बाहेर. सर्वांत पुढे इसरूभाऊ, हातात लाकडी तलवार, कमरेला लाल शेला, गालावर कोळशाची जखम. ते पोलीस पाटील म्हणून धावले होते की दरोडेखोर म्हणून, हे मला त्या क्षणी उमगेना. पोरं एका सुरात माझं वर्णन करत होती. मी पुंजण्यात आणखी आत शिरायला गेले तर धानाची धूळ नाकात गेली आणि मला शिंक आली. माझी शिंक तुला माहीत आहे, बाबा म्हणायचे शेजारच्या गावचे बैल बुजतात.

यांनी ती शिंक ओळखली. स्कार्फ बांधलेला, रेनकोट घातलेला, तरी ओळखली. सगळं गाव बघतंय, पोरं बघताहेत, शाळेतली बाई चोरासारखी पुंजण्यात उभी, उद्या मी कोणत्या तोंडाने फळ्यासमोर उभी राहणार होते? आणि हे शांतपणे म्हणाले, "अरे, थांबा ना. मीच बलावलो हिले. खांबासंग कितीक दिवस करू? चंद्रकलेच्या जागी उभी राह्यले कोनी पाह्यजे ना."

मग इसरूभाऊंनी तलवार टेकवून मला सगळं समजावलं. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा झाली की थंडीत इथे गावोगाव नाटकं होतात हे मला माहीत होतं, सुट्टीत येऊन मी ती पाहिलीही होती. पण ती बसवतात कशी, हे मी कधी पाहिलं नव्हतं. गावातली माणसं महिना-महिना तालीम करतात आणि नाटकातली बाई वडशाहून फक्त नाटकाच्या दिवशी येते. तिला हे लोक 'लेडीज' म्हणतात. लेडीज पक्की झाली, म्हणजे नटी ठरली! तोवर नायकाने आपलं प्रेम खांबावर करायचं. सगळ्या नायकांनी त्याच खांबावर केलं आहे. इसरूभाऊ म्हणाले, "माह्या जवानीत मीबी याच खांबावर मेलो होतो, मॅडम." चंद्रकला म्हणजे भूमिका आणि मलिका म्हणजे ती करणारी. माझ्या दोन सवती एकच निघाल्या, आणि त्यातली अर्धी लाकडाची.

'घरी मालूम नोको पडू देऊ' याचं कारण मी तिथेच विचारलं. हे खाली बघत म्हणाले, "तू चुका काढशीन म्हून. खांब चुका काढत नाई." सगळे हसले. मीही हसले, पण मला ते लागलं.

आता उभी राहिलेच होते तर उभी राहिले. खांबाच्या पुढे मला चंद्रकला म्हणून उभं केलं. वही घेऊन वाक्यं पुरवणारा अंकुश कोपऱ्यात बसला. मी तोंडावरचा स्कार्फ सोडला, कारण ते दाराचं वाक्य आता माझ्याकडे येणार होतं. हे गुडघ्यावर बसले. हात पसरले. "चंद्रकले," म्हणाले. आणि माझ्याकडे बघून गप्प. अंकुश पुढचं वाक्य हळू म्हणाला, मग मोठ्याने म्हणाला, मग ओरडला. खिडकीत लोंबकळणाऱ्या पोरांनी ते पाठ करून म्हटलं. यांची बोबडी वळलेली. शेवटी घाम पुसून मला म्हणाले, "दूध झाकून आली का घरचं?"

सांग आशाबाई, एवढ्या सुंदर नाटकात माझ्या वाट्याला दूध यावं?

सोमवारी वर्गात पोरांनी मला घेरलं. मी म्हणणार होते की मी तुमची परीक्षा घेत होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण दिव्यानी म्हणाली, "परीक्षा होती तं तुमी भेल्या काऊन?" आणि मला वाटलं, आज मी खोटं बोलले तर उद्या ही पोर कोणाचं वागणं बघून बोलेल आणि कोणाचं बघून गप्प राहील? म्हणून मी खरं सांगितलं. मॅडम लपल्या होत्या, मॅडमचं वागणं चूक होतं, आणि तुम्ही केलं ते अगदी बरोबर. दिव्यानीला मी पेन बक्षीस दिलं. तिने ते घेण्याआधी 'कायबद्दल?' असं विचारून घेतलं. विषय शिकवून झाला असं मी समजते.

आता माझ्या मनात काडीइतकाही मत्सर राहिलेला नाही. एका नाटकाचं ते काय मनावर घ्यायचं? मलिकाबाईंनाही मी नाटक मंडळाच्या लोकांसोबत वडशाला जाऊन भेटून आले. (मला तिथे सुया घ्यायच्या होत्या.) चाळिशीच्या आहेत, सावळ्या, चालतात तर पडदा सरकल्यासारखं वाटतं. मुलगी आयशा नर्सिंगला आहे. त्यांनी चहा पाजला, मला वहिनी म्हणाल्या, त्यांचा ण तर असा की ऐकत राहावं. म्हणाल्या, तुमचे मिस्टर फार सज्जन, मला ठरवायला आले तेव्हा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. मी हसून हो म्हटलं. पण परतताना मनात आलं, बघत का नाहीत? सागाच्या खांबाकडे तर टक लावून बघतात. आणि नाटकाच्या दिवशी तर बघावंच लागेल, चार गावांसमोर. असो. मी म्हटलं ना, मला आता काही वाटत नाही.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला तेल लाव. उत्तर फोनवर देऊ नकोस.

तुझी,
मयुरी

ता.क. तुझा लग्नातला शालू अजून बरा असेल तर एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठव. हिरवा पाठव. लाल नको, लाल मला खुलत नाही. कशाला हवा ते विचारू नकोस, थंडी फार आहे.

ता.क. २. भाऊजींच्या मंडळाचा वर्धापनदिन संक्रांतीनंतरच्या शनिवारी घेता येईल का? आणि त्याला वडशाची एक फार गुणी नटी बोलवता येईल का? मलिकाबाई म्हणून आहेत, नंबर मागे लिहिला आहे. मानधन चांगलं द्या, बाईंचा तोटा व्हायला नको, त्या फार चांगल्या आहेत. फक्त शनिवारच हवा. त्याच शनिवारी आमचं नाटक आहे हा निव्वळ योगायोग. मला चंद्रकलेची सगळी वाक्यं पाठ आहेत हाही.

ता.क. ३. आशाबाई, तुझ्यापासून काय लपवायचं. मला ते दाराचं वाक्य पाहिजे. एकदाच, तोंडावर. स्टेजवरून हे गोठ्यात पळू शकणार नाहीत. चुका काढणार नाही, शपथ. पत्र यांच्याच हाती वडशाच्या पोस्टात टाकायला देते आहे. माझं अक्षर वाचायचा यांना कंटाळा आहे, तेव्हा काळजी नको.

(खाली, वेगळ्या अक्षरात, पाकिटाच्या घडीला टेकवून लिहिलेलं)

मोट्या बाईले लटारूचा नमस्कार. पत्र मी वाचलो नाई. डिंक लागला नव्हता म्हनून उघडलं. मलिकाबाईले तिकडं बलावू नका, त्या आमच्या नाटकात डाकूची बहीन करून राह्यल्या, त्याहिलेच थो रोल जास्त आवडते. चंद्रकला हिच करनार हाये असं मी मंडळाले कालच सांगून देलो, हिले आजून नाई सांगलो, सांगाले गेलो का दुसरंच निंगते तोंडातून. शालू हिरवा नोको, लाल पाठवा. राजुऱ्यावरून सुट्टीत येत होती तवा लाल लुगडं घालून उतरे. मी बसच्या लय आधी जाऊन स्टँडवर बसून राहो. तिले म्हनो, आत्ताच आलो.